संशोधन निधीच्या मंडळांवर पात्र माणसे सुचवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न आत्ताच महत्त्वाचा का झाला?

देशातल्या संशोधनाला सरकारी पैसा कसा वाटायचा, ही पद्धतच गेल्या काही वर्षांत बदलली आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये संसदेने संमत केला आणि 5 फेब्रुवारी 2024 पासून तो लागू झाला. संशोधनाला निधी देणाऱ्या या राष्ट्रीय संस्थेला सगळे एएनआरएफ म्हणतात. 2008 च्या कायद्याने उभे राहिलेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे आपले जुने एसईआरबी, तिच्यात विलीन झाले. 2023 ते 2028 या पाच वर्षांसाठी 50,000 कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठरले. त्यातले 14,000 कोटी केंद्र सरकारने द्यायचे आणि उरलेले 36,000 कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणगीदार अशा वाटांनी उभे करायचे आहेत. पुढे जुलै 2025 मध्ये मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची वेगळी योजना मंजूर केली. तिला दिशा देण्याचे काम याच एएनआरएफच्या नियामक मंडळावर सोपवले.

एवढ्या मोठ्या रकमेची दिशा एका टेबलाभोवती बसणारी मोजकी माणसे ठरवणार आहेत. त्या टेबलावर कोण बसते याची चर्चा मराठी प्राध्यापकांत, विज्ञान संस्थांत, शेतकरी संघटनांत आणि रुग्णांच्या संघटनांत फारशी ऐकू येत नाही. प्रस्ताव नामंजूर झाला की आपण हळहळतो. त्याच्या कितीतरी आधी कोणते विषय पुढे आणायचे हे ठरलेले असते, आणि ते ठरताना आपण कोणाचेही नाव सुचवलेले नसते.

एएनआरएफच्या नियामक मंडळावर कोण असते?

पंतप्रधान पदसिद्ध अध्यक्ष आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे मंत्री आणि शिक्षणमंत्री हे उपाध्यक्ष. केंद्र सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार आणि विज्ञान-तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन या विभागांचे सचिव पदामुळेच सदस्य होतात. या जागांसाठी नाव सुचवण्याचा प्रश्न येत नाही.

सुचवण्याजोग्या जागा त्यांच्यापुढे सुरू होतात. उद्योग-व्यवसायातून पाचपर्यंत सदस्य, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांमधून एक, आणि नैसर्गिक विज्ञान, अभियांत्रिकी वगैरे क्षेत्रांतून गरजेप्रमाणे सहापर्यंत तज्ज्ञ घेता येतात. त्यांना नेमण्याचा अधिकार मंडळाच्या अध्यक्षांकडे आहे. या आकड्यांवरूनच कायदा करणाऱ्यांचा कल दिसतो. उद्योगाला पाच जागा आणि इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भाषा या सगळ्यांना मिळून एक. मला हे प्रमाण पटत नाही. दुष्काळ, कुपोषण, शहरातले पाणी यांपैकी कोणताही प्रश्न फक्त प्रयोगशाळेत सुटणारा नाही. म्हणून ती एक जागा ज्याच्याकडे जाईल तो माणूस फार विचार करून सुचवायला हवा.

पहिल्या मंडळात कोण होते?

नियामक मंडळाची पहिली बैठक 10 सप्टेंबर 2024 रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानी झाली. पदसिद्ध सदस्यांशिवाय प्रिन्स्टनचे गणितज्ञ मंजुल भार्गव, उद्योजक रोमेश वाधवानी, ब्राउन विद्यापीठाचे सुब्रा सुरेश, भारतीय इतिहास संशोधन परिषदेचे रघुवेंद्र तंवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे जयराम चेंगलूर आणि बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे गोविंदन रंगराजन या बैठकीला होते.

यातल्या कोणाच्या विद्वत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. सुब्रा सुरेश यांनी तर 2010 ते 2013 या काळात संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे संचालकपद सांभाळले आहे, त्यामुळे असे मंडळ आतून कसे चालते ते त्यांना ठाऊक आहे. पण ही सहा नावे पुन्हा एकदा वाचा. तीन अमेरिकेतली, दोन देशातल्या अग्रगण्य संस्थांची आणि एक केंद्रीय परिषदेचे. राज्य विद्यापीठातला, ग्रामीण महाविद्यालयातला किंवा कृषी विद्यापीठातला एकही माणूस त्यात नाही आणि एकही स्त्री नाही. राज्य विद्यापीठांतली संशोधनक्षमता वाढवणे हे या संस्थेच्या जाहीर उद्दिष्टांपैकी एक आहे. ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे, त्यांच्यातले कोणीतरी आत असायला हवे.

या मंडळासाठी अर्ज करता येतो का?

नाही. नेमणूक कोणी करायची आणि कोणकोणत्या क्षेत्रांतून, एवढेच कायदा सांगतो. जाहिरात, अर्ज, मुलाखत असा मार्ग त्यात नाही. मात्र एखाद्या संस्थेने ठराव करून नाव सुचवू नये, असेही कायदा म्हणत नाही. पत्र पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांचे कार्यालय, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि स्वतः एएनआरएफ, या तिन्ही ठिकाणी पत्राची प्रत जायला हवी.

नियामक मंडळ आणि तज्ज्ञ समित्या यांत फरक काय?

धरणातले पाणी कोणत्या कालव्याला किती सोडायचे हे मंडळ ठरवते. त्या कालव्यावर कोणाच्या शेताला पाणी द्यायचे ते तज्ज्ञ समित्या ठरवतात. मंडळ धोरण आणि प्राधान्यक्रम पाहते. प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या अध्यक्षतेखालची कार्यकारी परिषद ते अमलात आणते. प्रत्यक्ष प्रस्ताव वाचून त्यांचा दर्जा ठरवण्याचे काम विषयवार समित्या आणि बाहेरचे परीक्षक करतात.

आपल्यापैकी बहुतेकांसाठी खरी वाट इथूनच निघते. परीक्षक म्हणून चार-पाच वर्षे चोख काम केलेला माणूस समितीवर जातो, आणि समितीवर ज्याचा निवाडा नीट ठरतो त्याचे नाव वर पोहोचते. तरुण प्राध्यापकाचे नाव एकदम पंतप्रधानांच्या मंडळासाठी सुचवणे व्यर्थ आहे. त्याच व्यक्तीचे नाव परीक्षक म्हणून सुचवले तर दहा वर्षांनी उपयोगी पडेल.

‘पात्र’ कोणाला म्हणायचे?

सगळ्यात जास्त घोळ याच शब्दावर होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

अमेरिकेच्या 1950 च्या कायद्याने तिथे नॅशनल सायन्स फाउंडेशन आणि तिचे मंडळ, म्हणजे नॅशनल सायन्स बोर्ड, स्थापन केले. कायद्यात त्याच्या 24 जागा आहेत, मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा रिकाम्या होतात. पात्रतेबद्दल त्या कायद्याची भाषा मला फार आवडते. सदस्य आपल्या क्षेत्रात नामवंत असावा, त्याची निवड केवळ त्याच्या उल्लेखनीय सेवेच्या सिद्ध इतिहासावरून व्हावी, आणि सगळे सदस्य मिळून देशाच्या सर्व भागांतल्या वैज्ञानिक नेतृत्वाची मते मंडळात यावीत, अशा तीन अटी त्यात आहेत. पहिल्या दोन अटी व्यक्तीबद्दल आहेत, तिसरी मंडळाबद्दल. पुढे त्यात स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांतल्या शास्त्रज्ञांना न्याय्य स्थान देण्याची सूचनाही आली. क्षेत्रांच्या यादीत मूलभूत विज्ञानाच्या बरोबरीने शेती, शिक्षण, संशोधन व्यवस्थापन आणि सार्वजनिक व्यवहार हेही आहेत.

आपण नाव सुचवताना फक्त पहिल्या अटीपाशी थांबतो. किती शोधनिबंध, किती संदर्भ, कोणता पुरस्कार. हे सगळे लागतेच, पण मंडळावर बसल्यावर त्या माणसाला स्वतःचे संशोधन करायचे नसते. त्याला दुसऱ्यांच्या संशोधनाबद्दल निवाडा द्यायचा असतो, तोही बहुतेक वेळा स्वतःच्या विषयाबाहेरच्या कामाबद्दल. म्हणून मी नाव सुचवताना वेगळ्या गोष्टी पाहतो. या व्यक्तीने आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःपेक्षा वेगळ्या विषयांवर काम करू दिले का? सगळ्यांच्या वापराचे एखादे महागडे यंत्र किंवा केंद्र चालवले आहे का, आणि ते बाहेरच्या महाविद्यालयांना खरोखर वापरता आले का? समितीत बसून न पटणाऱ्या गोष्टीला लेखी विरोध केला आहे का? जवळच्या माणसाचा प्रस्ताव आला तेव्हा ती खोलीतून उठून बाहेर गेली का? बैठकीच्या आधी ती कागद वाचून येते का? शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण ज्यांनी अशा बैठका पाहिल्या आहेत त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे.

आणखी एक. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झालेल्या मान्यवरांची नावे आपण आदरापोटी पुढे करतो. आदर अवश्य ठेवावा, पण मंडळावर निदान काही जण असे हवेत ज्यांना आजच्या प्रयोगशाळेत रसायनाची बाटली मागवायला किती महिने लागतात आणि संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप कधी थकते हे स्वतःच्या अनुभवातून माहीत आहे.

सगळे सदस्य शास्त्रज्ञच असायला हवेत का?

नाही, आणि हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्तनकर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांनी आणि त्यांच्या संघटनांनी संशोधनाचा निधी वाढवण्यासाठी मोठे आंदोलन केले. त्याचे फळ म्हणून तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, 21 कोटी डॉलर संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पातून या संशोधनासाठी दिले. त्या कार्यक्रमात पुढे एक वेगळी प्रथा रुजली. प्रस्तावांच्या परीक्षणात हा आजार भोगलेल्या व्यक्ती शास्त्रज्ञांच्या शेजारी बसतात आणि त्यांना मतही असते. त्यांचे नाव रुग्णांच्या संघटनेकडून यावे लागते. म्हणजे इथे पात्रतेचा एक भाग पदवीतून येतो आणि दुसरा भोगलेल्या आजारातून. एखाद्या प्रयोगासाठी रुग्णाला आठवड्यातून तीनदा शंभर किलोमीटर प्रवास करावा लागणार असेल, तर ते व्यवहार्य आहे की नाही हे अशी व्यक्ती चटकन सांगू शकते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या सल्लागार परिषदांतही नेमलेल्या सदस्यांपैकी एक तृतीयांश लोक सर्वसामान्य जनतेतून, म्हणजे कायदा, धोरण, अर्थकारण, व्यवस्थापन अशा क्षेत्रांतून घ्यायचे, असा नियम आहे.

आपल्याकडे शेतीत हा विचार आधीपासून आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या कारभारात शेतकऱ्यांना स्थान देण्याची पद्धत आहे. ती जागा कित्येकदा राजकीय सोय म्हणून भरली जाते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे चांगले नाव वेळेवर आणि लेखी सुचवणे. कोरडवाहू ज्वारीची स्वतः निवड करून बियाणे जपणारी एखादी बाई, पाणलोटाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवणारा एखादा शेतकरी, अशी माणसे आपल्या तालुक्यात असतात. त्यांची नावे पुढे आणण्याचे काम तालुक्यातल्यांनाच करावे लागेल.

अध्यक्षपदी पंतप्रधान असणे हा राजकीय हस्तक्षेप नाही का?

हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, अमेरिकेच्या युद्धकालीन संशोधनाचे प्रमुख व्हॅनेव्हार बुश यांनी 1945 मध्ये अमेरिकी अध्यक्षांना दिलेल्या अहवालात मूलभूत संशोधनासाठी सरकारी संस्था असावी आणि तिचा कारभार शास्त्रज्ञांच्या हाती असावा असे सुचवले. सिनेटर हार्ली किलगोर यांना मात्र ती लोकप्रतिनिधींना उत्तरदायी हवी होती. 1947 मध्ये काँग्रेसने बुश यांच्या विचाराच्या जवळ जाणारे विधेयक संमत केले. त्यात 24 अर्धवेळ सदस्य होते आणि संचालकाची निवड त्यांच्याकडूनच होणार होती. अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी त्या विधेयकावर सही केली नाही. त्यांचा आक्षेप असा होता की जनतेचा प्रचंड पैसा खर्च करण्याचा अधिकार मुळात खासगी नागरिक असलेल्या लोकांच्या हाती जाईल आणि जनतेचा त्यावर ताबा राहणार नाही. तडजोड व्हायला तीन वर्षे लागली. 10 मे 1950 रोजी ट्रुमन यांनी नव्या कायद्यावर, म्हणजे वर सांगितलेल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या कायद्यावर, सही केली. त्यात संचालक आणि मंडळ दोन्ही अध्यक्षांनी नेमायचे ठरले. मंडळाच्या नेमणुकांना सिनेटची मंजुरीही लागत असे. ती अट 2012 मध्ये काढून टाकली गेली.

मला यात ट्रुमन बरोबर वाटतात. पैसा लोकांचा असेल तर शेवटी उत्तर देणारा माणूस लोकांनी निवडलेला असावा. पण त्याच तडजोडीचा दुसरा भाग आपण विसरू नये. त्याच कायद्यात अशी विनंती आहे की नावे ठरवताना अध्यक्षांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमी, विद्यापीठांच्या संघटना आणि इतर वैज्ञानिक व शैक्षणिक संस्थांच्या शिफारशींचा योग्य विचार करावा. नेमणुकीचा अधिकार राज्यकर्त्यांकडे, पण नावे सुचवण्याचा मार्ग विद्वत्समाजाला खुला. आपल्या कायद्यात पहिला भाग आला आहे. दुसरा आपण प्रथा पाडूनच आणू शकतो.

असे मंडळ निवडणुकीने भरता येईल का?

जर्मनीत जवळपास तसे होते. तिथली संशोधन निधी देणारी मध्यवर्ती संस्था डीएफजी आपल्या विषयवार परीक्षण मंडळांसाठी दर चार वर्षांनी निवडणूक घेते. विद्यापीठे, अकादम्या आणि विषयांच्या संघटना उमेदवारांची नावे सुचवतात आणि डॉक्टरेट असलेले संशोधक मतदान करतात. निवडून आलेले सदस्य मानद काम करतात. ते परीक्षकांचे अहवाल नीट आहेत का हे तपासून शिफारस करतात, आणि शेवटचा निर्णय वरची समिती घेते. त्या समितीत केंद्र आणि राज्य सरकारांचेही प्रतिनिधी असतात.

या प्रथेची मुळे 1920 मध्ये स्थापन झालेल्या डीएफजीच्या पूर्वसंस्थेत आहेत. 1934 मध्ये नाझी राजवटीने योहान्नेस श्टार्क यांना तिच्या अध्यक्षपदी बसवले आणि निर्णय एका माणसाच्या हाती गेले. श्टार्क हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ होते, पण आइन्स्टाइनच्या भौतिकीला ते ‘ज्यू भौतिकी’ म्हणून हिणवत. पात्रता केवळ पदकांवरून ठरवू नये, याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

ब्रिटनमध्ये सरकारी मंडळांवरच्या जागा जाहीर करून अर्ज मागवण्याची पद्धत आहे आणि नेमणुकांवर देखरेख ठेवणारा आयुक्तही आहे. युरोपीय संशोधन परिषदेच्या वैज्ञानिक मंडळासाठी एक स्वतंत्र शोध समिती वैज्ञानिकांशी सल्लामसलत करून नावे ठरवते. भारतात लगेच निवडणूक व्हावी असे माझे म्हणणे नाही. आपल्या विद्यापीठांच्या अधिसभेच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना कारण सांगायला नको. पण रिकाम्या होणाऱ्या जागा आधी जाहीर करणे आणि संस्थांकडून नावे मागवणे, एवढे तर उद्याही करता येईल.

ज्या संस्थांना निधी मिळतो त्यांचेच लोक मंडळावर असले तर?

कॅलिफोर्नियात 2004 मध्ये मतदारांनी मूलपेशी संशोधनासाठी 3 अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. त्यासाठी 29 सदस्यांचे मंडळ आले. कोणती जागा कोणी भरायची हे कायद्यातच बारकाईने लिहिलेले होते. विद्यापीठांचे पदाधिकारी, संशोधन संस्था, जैवतंत्रज्ञान उद्योग आणि वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांचे प्रतिनिधी, सगळ्यांना जागा होत्या. कागदावर ही रचना अतिशय विचारपूर्वक केलेली होती. अडचण अशी झाली की मंडळावरच्या अनेक सदस्यांच्या संस्थाच निधीच्या मोठ्या लाभार्थी होत्या. 2012 च्या शेवटी एका स्वतंत्र तज्ज्ञ समितीने त्यावर बोट ठेवले, आणि पुढच्या वर्षी त्या संस्थांच्या सदस्यांनी अनुदानांवर मत देणे थांबवले.

जाणकार माणूस बहुतेक वेळा कोणत्या ना कोणत्या लाभार्थी संस्थेतच असतो. त्याला त्या कारणाने वगळले तर मंडळावर अडाणीपण येईल. म्हणून हितसंबंध आधी लेखी सांगायचे आणि त्या विषयावर चर्चा व मतदान या दोन्हींतून बाजूला व्हायचे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. नाव सुचवतानाच त्या व्यक्तीच्या कंपन्या, सल्लागारपदे, चालू अनुदाने आणि जवळचे नातेवाईक असलेल्या संस्था यांचा उल्लेख करा. नंतर दुसऱ्या कोणी काढण्यापेक्षा आपणच सांगितलेले बरे.

शिफारसपत्र कसे लिहावे?

एक पान पुरे. बायोडेटा वेगळा जोडा, तोही तीन-चार पानांचा.

आपली बहुतेक शिफारसपत्रे विशेषणांनी भरलेली असतात. ‘ख्यातनाम’, ‘थोर’, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’. वाचणाऱ्याने अशी शेकडो पत्रे पाहिलेली असतात आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. पहिल्या परिच्छेदात व्यक्ती कोण हे सांगण्याआधी मंडळात काय कमी आहे ते सांगा. उदाहरणार्थ, ‘संलग्न महाविद्यालयांत संशोधन उभे केलेला एकही सदस्य सध्या मंडळावर नाही.’ मग ही व्यक्ती ती उणीव कशी भरून काढते ते दोन ठोस प्रसंगांतून दाखवा. कोणते केंद्र उभे केले, कोणत्या साली, आज ते कोण वापरते. कोणत्या समितीवर काम केले आणि तिथे तिच्यामुळे कोणता निर्णय बदलला. पत्र सही करणाऱ्याचे त्या व्यक्तीशी काय नाते आहे तेही लिहा. सहकारी, माजी विद्यार्थी, आतेभाऊ, जे असेल ते.

पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवावे लागेल, पण संस्थेतली चर्चा मराठीत मोकळेपणाने करा आणि ठराव कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवा. एकट्या माणसाच्या पत्रापेक्षा ठरावाच्या प्रतीसह आलेले पत्र अधिक गंभीरपणे वाचले जाते. एकाच नावावर अडून न बसता दोन किंवा तीन नावे द्या. त्यात किमान एक स्त्री असावी आणि किमान एक जण मुंबई-पुण्याबाहेरचा असावा. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, अमरावती, गडचिरोली, सोलापूर या सगळ्या ठिकाणी राज्य विद्यापीठे आहेत. तिथे उमेदवार नाहीत हे म्हणणे शोध न घेताच केलेले असते.

ज्यांचे नाव सुचवायचे त्यांना आधी विचारावे का?

हो, आणि लेखी संमती घ्यावी.

राज्य विद्यापीठातल्या माणसाचा खरेच विचार होईल का?

पहिल्या वेळी बहुधा होणार नाही. नेमणाऱ्यांना जी नावे ठाऊक असतात तीच त्यांच्या डोळ्यांपुढे येतात, आणि दिल्लीत ठाऊक असलेली नावे मोजक्या संस्थांतून येतात. यात कोणाचा कट नसतो, ओळखीच्या परिघाचा तो परिणाम असतो. हा परिघ रुंदावण्याचा उपाय म्हणजे सातत्य. पुण्यात 1946 मध्ये महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था नागरिक आणि शास्त्रज्ञांनी मिळून उभी केली, तिच्यातूनच आजची आघारकर संशोधन संस्था झाली. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून काम करते आहे. विज्ञान हा समाजाने हाती घ्यायचा विषय आहे ही जाण आपल्याकडे होती आणि आहे. तीच जाण नामनिर्देशनापर्यंत न्यायची आहे.

पत्राला उत्तरच आले नाही तर?

दोन महिने थांबून स्मरणपत्र पाठवा. त्यानंतर माहितीच्या अधिकाराचा वापर करा. एएनआरएफ संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली असल्यामुळे 2005 चा माहिती अधिकार कायदा तिला लागू आहे. अर्जाचे शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. समाधान झाले नाही तर पहिले अपील करता येते.

काय मागायचे ते मात्र विचारपूर्वक ठरवा. ‘आमच्या उमेदवाराला का घेतले नाही’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही, आणि नाकारलेल्या व्यक्तींची वैयक्तिक माहिती मिळणारही नाही. त्याऐवजी सध्याच्या सदस्यांची नेमणूक कोणत्या आदेशाने झाली, त्यांची मुदत कधी संपते, नावे ठरवण्याची काही कार्यपद्धती लेखी आहे का, हितसंबंध जाहीर करण्याचे नियम कोणते, हे विचारा. मुदत कधी संपते हे कळले की पुढचे पत्र सहा महिने आधी पाठवता येते. जागा भरल्यावर गेलेले पत्र फाइलला लागते आणि तिथेच राहते.

आमची संस्था लहान आहे. आम्ही सुरुवात कुठून करावी?

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. तीन जणांची शोध समिती नेमा, त्यात एक जण संस्थेबाहेरचा असू द्या. आपल्या जिल्ह्यातल्या संशोधकांची, जाणत्या शेतकऱ्यांची, रुग्ण संघटनांच्या कार्यकर्त्यांची एक यादी तयार करा. प्रत्येकाच्या नावापुढे विषय, अनुभव आणि त्यांनी याआधी केलेले परीक्षणाचे काम लिहा, आणि दरवर्षी ती तपासून नवी नावे घाला. त्यातली तरुण नावे परीक्षक म्हणून, मधली तज्ज्ञ समित्यांसाठी आणि एक-दोन अनुभवी नावे मंडळांसाठी पाठवा. फक्त एएनआरएफच डोळ्यांपुढे ठेवू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, भारतीय कृषी संशोधन परिषद, जैवतंत्रज्ञान विभाग, राज्याची कृषी विद्यापीठे आणि आपल्याच विद्यापीठाची प्राधिकरणे, या सगळीकडे नेमून भरायच्या जागा आहेत. जिथे माणसे कमी आणि काम जास्त आहे अशा समितीपासून सुरुवात केली तर नाव लवकर मान्य होते.